जादूगाराचे चिलखत

संगणकावर आणि आता मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या एका जातीच्या खेळांत पहिली तलवार उपसली जाण्याआधीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. खेळणाऱ्याला आधी एक पात्र निवडावे लागते. योद्धा, तिरंदाज, चोर, हकीम, जादूगार, यांपैकी कुणीतरी एक. मग त्या पात्रासाठी काही गुण वाटायला मिळतात, आणि ते मोजकेच असतात. तेवढ्यातच ठरवायचे, की याच्या अंगावर काय असेल आणि याच्या हातात कोणते हुन्नर असेल. योद्धा निवडणाऱ्याला फारसा प्रश्न पडत नाही. पोलाद जितके जाड तितके त्याला बरे. खरी पंचाईत होते ती जादूगार निवडणाऱ्याची. अंगावर लोखंड चढवावे तर मंत्र फसतो, आणि मंत्रासाठी अंग मोकळे ठेवावे तर पहिल्या घावातच गडी जमिनीवर येतो.

बीडच्या बशीरगंजात काय किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या गल्लीत काय, रात्री उशिरापर्यंत असल्या खेळात डोके घालून बसलेली पोरे आपण पाहतो आणि म्हणतो, वेळ चालला वाया. वेळेचा हिशेब आपल्या जागी खरा आहे. पण त्या पडद्यावर जो प्रश्न विचारला जातो तो पोरकट नाही. माणसाच्या वाट्याला ताकद मोजकी येते. तिच्यातला किती भाग आपल्याला इजा होऊ नये म्हणून खर्च करायचा, आणि किती भाग आपल्याला काही करता यावे म्हणून? हा प्रश्न घराघरांत दहावीच्या निकालानंतर विचारला जातो, लग्न ठरवताना विचारला जातो, जमिनीचा तुकडा विकायचा की नाही यावर बोलताना विचारला जातो. फक्त तिथे तो इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेला नसतो. म्हणून मला वाटते, त्या खेळाचा नियम जरा नीट समजून घ्यावा.

*

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ छापला. तो संगणकावरचा नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली माणसे एवढ्यावर तो चालायचा. आज या जातीचे जे खेळ पडद्यावर दिसतात त्यांतल्या बहुतेकांची मुळे तिथे आहेत. त्यात जादूगारासाठी नियम साफ होता. चिलखत मुळीच नाही, आणि शस्त्र म्हणाल तर फक्त खंजीर.

२००० साली त्याच खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिने बंदी उठवली आणि तिच्या जागी किंमत लावली. मंत्राबरोबर हातांच्या खुणा कराव्या लागतात आणि लोखंडात हात अडकतात, असे तिचे म्हणणे. म्हणून चामड्याचे साधे चिलखत घातले तर मंत्र फसण्याचा धोका शंभरात १०, आणि डोक्यापासून पायापर्यंत पोलाद चढवले तर शंभरात ३५. म्हणजे पोलादातल्या जादूगाराचा ढोबळमानाने दर तिसरा मंत्र हवेत जाणार. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नियम पुन्हा बदलला. ज्याने एखादे चिलखत वापरण्याचे शिक्षण घेतले आहे त्याने ते घालून खुशाल मंत्र म्हणावा. ज्याने घेतलेले नाही त्याने ते अंगावर चढवले की मंत्र बंद.

आधी बंदी, मग किंमत आणि शेवटी शिक्षण, असा हा चाळीस वर्षांचा प्रवास आहे. खेळ बनवणाऱ्यांनी तो तत्त्वज्ञान सांगण्यासाठी केला नाही. खेळ एकतर्फी होऊ नये एवढाच त्यांचा हेतू. पण एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे माणसांच्या जगातही आलटूनपालटून दिली गेली आहेत. कुणी म्हणतो, विद्येच्या मागे लागलेल्याने सुरक्षेचा विचारच करू नये. कुणी म्हणतो, करावा, पण त्यापायी काय गमावले ते मोजत राहावे. आणि कुणी म्हणतो, आपले चिलखत कसे वागवायचे हेही शिकता येते.

संगणकावरच्या खेळांनी यात आणखी भर घातली. २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये अंगावर काही न चढवता लढणे हे एक वेगळे हुन्नरच धरले होते, आणि ते सरावाने वाढत असे. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये संरक्षणाचा मंत्र चिलखत न घालणाऱ्यालाच जास्त लाभेल, असे एक कौशल्य घेता येते. थोडक्यात, उघड्या अंगाने उभे राहणे ही नुसती उणीव नाही, शिकणाऱ्याच्या बाबतीत तीही एक ताकद होऊ शकते, असे या खेळांचे म्हणणे.

हे सगळे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वाचलेली किंवा ऐकलेली आहे. तिच्यात जादूगारांचा बादशहा अफरासियाब आहे, आणि त्याच्यासमोर ना जादू ना पोलाद असा अमर अय्यार आहे, ज्याच्याकडे हुशारी आहे आणि जगाचे सामान गिळणारी झंबील आहे. त्या दास्तानीतला जादूगार मेला की अंधार पडतो, दगड बरसतात, आणि त्याने उभे केलेले सारे कोसळते. त्याची विद्या त्याच्यापाशीच संपते. हा तपशील मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे तो लागेल.

*

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बीडमध्ये पाऊस बेभरवशाचा. कारखानदारी म्हणाल तर परळीचे वीज केंद्र आणि काही साखर कारखाने. दिवाळी सरली की गावेच्या गावे उसाच्या फडाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. तो हिशेब फिटेपर्यंत कारखान्याच्या पट्ट्यातून सुटका नाही. अशा मुलखात मुलाला दहावीत बरे गुण पडले की घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: “बेटा, कहीं चिपक जा.” कुठेतरी चिकट. पोलीस भरती, एस.टी., शिपाई, काहीही. पगार बांधलेला असला म्हणजे झाले.

या सल्ल्याला हसणे सोपे आहे. पण तो देणाऱ्या आईबापांनी घाव खाल्लेले असतात. दुष्काळ पाहिलेला असतो, सावकार पाहिलेला असतो, मुसलमान म्हणून खोली नाकारली गेलेली असते. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. कुणाला इजा झाली नाही, दोघांना त्याच दिवशी अटकही झाली. तरी त्या आठवड्यात या जिल्ह्यातल्या किती आयांनी शहरात शिकणाऱ्या मुलाला फोन करून “रात को बाहर मत निकल” म्हटले असेल, त्याचा अंदाज कुणालाही करता येईल. भीती जिथे खरी असते तिथे चिलखत मागणे हा भित्रेपणा नव्हे.

आपल्या परंपरेनेही ते तसे मानलेले नाही. उहुदच्या लढाईत हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) एकावर एक अशी दोन चिलखते घातली होती, असे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा विद्येच्या नावाखाली पोराला उघड्या अंगाने रणात ढकलणे ही काही थोर गोष्ट नाही. पहिले उत्तर, म्हणजे सरसकट बंदी, इथेच बाद होते.

पण दुसरे उत्तर, किंमतीचे, तसे बाद होत नाही. चिलखताची किंमत आपण पैशात मोजतो. फॉर्मची फी, क्लासची फी, ‘वर’ द्यावी लागणारी रक्कम. खरी किंमत मात्र हातांतून वसूल होते. ज्या मुलाला यंत्र उघडून बघायची ओढ होती तो चार वर्षे भरतीसाठी मैदानावर धावतो. धावण्यात वाईट काही नाही. पण त्या चार वर्षांत त्याची यंत्राची बोटे हळूहळू बोथट होतात, आणि भरती झाली नाही तर हाती ना पोलाद राहते ना मंत्र. शंभरातले ३५ हा खेळातला आकडा आहे. आपल्या घरात तो आकडा किती, हे कुणी काढत नाही. एवढे तरी काढावे, असे माझे म्हणणे आहे.

*

याच्या उलट टोकाचा सौदाही आपल्याकडे होतो, आणि त्याची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. कर्णाला कवचकुंडले जन्मतःच होती. इंद्राने ती मागितली आणि कर्णाने ती कापून दिली. त्या बदल्यात त्याला एक शक्ती मिळाली, पण एकदाच वापरता येईल अशी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. वापरावी लागली घटोत्कचावर, जो स्वतः मायावी होता, रात्रीच्या अंधारात जादूने लढणारा. त्यानंतर कर्णाकडे ना कवच राहिले ना शक्ती. दान म्हणून ही गोष्ट थोर आहे. सौदा म्हणून पाहिली तर तिच्यात धोक्याची सूचना आहे. अंगावरचे सगळे संरक्षण देऊन एकदाच चालणारे हत्यार घेऊ नये.

बीडहून लातूर फार दूर नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने तिथे दरवर्षी हजारो मुले वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला जातात, आणि त्यांत आपल्या तालुक्यांतलीही असतात. त्यांतली काही डॉक्टर होतात आणि घराचे दिवस पालटतात. पण ज्या घराने दोन एकरांतला एक एकर विकून पोराला तिथे पाठवले, त्या घराने कर्णाचाच सौदा केलेला असतो. एक परीक्षा, दुपारचे काही तास. ती लागली तर लागली. नाही लागली तर दोन वर्षांत शिकलेले पुन्हा कशाला लावायचे, हे ना त्या पोराला कुणी सांगितलेले असते, ना बापाला. मुलाने डॉक्टर होऊ नये असे यातून निघत नाही. निघते ते एवढेच, की हुन्नर निवडताना ते कितीदा वापरता येईल हे आधी विचारावे.

आणि ते कुठे राहते, हेही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक सुती अंगरखा आहे, पंधराव्या किंवा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो उत्तर हिंदुस्थानातला किंवा दख्खनचा असावा, असे जाणकार मानतात. त्याच्यावर बारीक अक्षरांत संपूर्ण कुरआन लिहिलेले आहे. असे अंगरखे लढाईवर जाणारे लोक चिलखताखाली घालत. खेळातला जादूगार जो झगा घालतो, त्याचे हे खरेखुरे रूप म्हणता येईल. अक्षरांनी भरलेले आणि पोलादाइतकाच भरवसा ठेवलेले. ते लिहिणाऱ्याच्या श्रद्धेचा आणि हाताचा मान राखूनच मी विचारतो: ती अक्षरे अंगावर घालणारा आणि ती पाठ असलेला, या दोघांत विद्या कुणापाशी? हाफिज या शब्दाचाच अर्थ राखणारा, जपणारा. अक्षरे त्याच्या अंगावर नसतात, म्हणून ती उतरवून घेता येत नाहीत.

इमाम गझाली तरुणपणी जुर्जानहून तूसला परतत असताना वाटेत त्यांचा काफिला लुटला गेला, ही कथा त्यांच्या चरित्रात येते. त्यांनी लुटारूंच्या म्होरक्याला विनवले, की बाकी सगळे घ्या, पण माझ्या टिपणांची पिशवी तेवढी द्या. तिच्यात माझी सारी विद्या आहे. म्होरक्या हसला. जी विद्या पिशवीबरोबर जाते ती तुझी कशी, असा त्याचा सवाल होता. पिशवी त्याने परत दिली, पण सवाल गझालींना लागला, आणि पुढची तीन वर्षे त्यांनी टिपणे पाठ करण्यात घालवली. आपल्या भिंतींवर चौकटीत लावलेल्या पदव्यांकडे पाहिले की मला तो लुटारू आठवतो. त्या पदव्यांतल्या किती अंगरखे आहेत आणि किती हिफ्ज, हे ज्याचे त्याने तपासावे.

*

चिलखत आणि हुन्नर यांतली गल्लत समाज म्हणूनही होते. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तर विज्ञान आणि वैद्यकही उर्दूतून शिकवण्यासाठी काढलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. मग १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. बारा वर्षांच्या आत कचेरीतला अर्ज, कोर्टातली फिर्याद, तलाठ्याचा सातबारा, सगळ्यांची भाषा फिरली.

बहुतेक मुसलमान या संस्थानातही गरीबच होते. शेतमजूर, विणकर, बागवान, कसाई, टांगेवाले. सत्तेचे चिलखत मूठभरांच्याच अंगावर होते. पण ते आपल्याही अंगावर आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना १९४८ नंतर एकदम उघडे पडल्यासारखे झाले. ज्याच्या हातात मागाचे, चामड्याचे, लोहारकीचे किंवा हिशेबाचे काम होते, त्याचे काम त्याच्यापाशी राहिले. ज्याला उर्दूबरोबर मोडी वाचता येत होती त्याला विचारणारे लोक राहिले. राज्ये बदलली की दुसऱ्याने घातलेले चिलखत दुसराच काढून घेतो.

यातून दोन उलटसुलट धडे घेतले गेले. काहींनी म्हटले, उर्दू टाका, तिने आपल्याला बुडवले. काहींनी म्हटले, उर्दूला घट्ट धरा, तेवढेच उरले आहे. मुलांना उर्दू शाळेत घालायचे की मराठी शाळेत, हा वाद आजही आपल्या घरांत दरवर्षी जूनच्या आधी रंगतो, आणि त्यात इंग्रजी शाळेची तिसरी बाजूही आली आहे. मला वाटते, या वादात प्रश्न चुकतो. कुठलीही भाषा जन्मतः चिलखत नसते की हुन्नर नसते. तिच्यात लपायचे असेल तर ती चिलखत होते. तिच्यातून दुसऱ्यापर्यंत पोचायचे असेल तर ती हुन्नर होते. उर्दूतून फक्त आपल्यापुरते बोलणारा आणि मराठीतून फक्त नोकरीपुरते बोलणारा, दोघेही लोखंडात हात अडकवून बसलेले आहेत. घरी दखनी, मशिदीत उर्दू, बाजारात मराठी आणि कागदावर मराठी असा वावरणारा माणूस पाचव्या आवृत्तीच्या नियमाने चालतो. अंगावर जे आले आहे ते वागवायला तो शिकला आहे, म्हणून त्याचे हात मोकळे आहेत. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांना हे सांगावे लागू नये. आपण हे अंक काढतो आणि वाचतो, ते याच शिक्षणाच्या बळावर.

*

इथवर आपण जादूगाराला एकटाच धरून चाललो. खेळात मात्र तो सहसा एकटा नसतो. चौघे-पाच जणांची टोळी असते. जादूगार मागे उभा राहतो, कारण पुढे कुणीतरी पोलाद घालून उभा असतो आणि येणारे घाव आपल्या ढालीवर घेतो. जादूगाराचे मोकळे हात ही त्याच्या एकट्याची निवड नसतेच. त्याच्या वाट्याचे चिलखत दुसऱ्याने उचललेले असते.

मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि घरात हीच सर्वांत लवकर विसरली जाते. जो शिकतो त्याच्यापुढे कोण उभे होते? बाप गॅरेजमध्ये, थोरला भाऊ दहावी सोडून त्याच्या हाताखाली, आई पहाटे उसाच्या मोळ्या वाहणारी किंवा रात्री लोकांचे कपडे शिवणारी. आणि बहीण. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे.

आपल्या घरांत गुण वाटले जातात तेव्हा मुलाच्या रकान्यात हुन्नर भरले जाते आणि मुलीच्या रकान्यात चिलखत. तिला जपायचे, झाकायचे, वेळेत घरी आणायचे, वेळेत लग्न करून द्यायचे. हे प्रेमाने होते, यात शंका नाही. गावात सातवीपर्यंतच शाळा असते, पुढची शाळा तालुक्याला, एस.टी. वेळेवर नाही, आणि रस्त्याची भीती खरी आहे. पण गुण मोजकेच असतात. सगळे संरक्षणात घातले की शिकण्यासाठी शून्य उरतो. मग कधी नवरा वारला, कधी तलाक झाला, कधी बाप अंथरुणाला खिळला, की ते चिलखत घालणारी माणसेच नाहीशी होतात आणि ती बाई चाळिसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी उभी राहते. खेळातसुद्धा असे पात्र कुणी बनवत नाही, ज्याला बचाव आहे आणि करता मात्र काहीच येत नाही. ‘होशरुबा’मध्ये अफरासियाबाशी फारकत घेऊन लढणाऱ्या जादूगारांत मलिका महरुख आणि मलिका बहार या बायका आघाडीवर आहेत, आणि बंडखोरांच्या छावणीचे तख्त महरुखकडे आहे. त्या दास्ताना आपल्या आज्यांनी ऐकल्या. पण नातींची नावे पुढच्या शाळेत घालताना ती महरुख कुणाला आठवली नाही.

आता कुणी म्हणेल, की टोळीत प्रत्येकाचे काम वेगळे असते, आणि पुढे उभे राहणाऱ्याने ते पत्करलेले असते. खेळात हे खरे आहे. योद्धा ज्याने निवडला त्याने हौसेने निवडला. घरात मात्र थोरल्या भावाला कुणी विचारलेले नसते. त्याला पुढे ढकललेले असते, आणि बहिणीला तर पडद्यासमोरच बसू दिलेले नसते. म्हणून खेळातल्या जादूगारावर जेवढी जबाबदारी येते त्याहून घरातल्या शिकलेल्यावर मोठे कर्ज चढते. त्याने हुशारीने मिळवलेल्या गुणांत न विचारता घेतलेले दुसऱ्यांचे गुण आहेत.

हे कर्ज फेडायचे कसे? दर महिन्याला पैसे पाठवून, असे पहिले उत्तर येते. पुण्याहून, शारजाहून, रियाधहून पैसे येतात आणि त्यांनी घरे उभी राहतात. त्याला कमी लेखू नये. पैगंबरांचे (स.) निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत ३० साअ जवांच्या बदल्यात एका यहुदी माणसाकडे गहाण होते, असे बुखारीत आहे. घरच्यांच्या दाण्यापाण्यापुढे चिलखतही एक वस्तूच होती आणि ती गहाण पडली. दाणे आधी, हा धडा साधा आणि पक्का आहे.

पण पैसा पुन्हा चिलखतच विकत घेतो. पक्के घर, मोठे लग्न, बंद गेट. ज्या टोळीने शिकवले तिच्याकडे विद्या परत जात नसेल तर आपण होशरुबातले जादूगार ठरतो. आपण गेलो की अंधार पडतो आणि आपण उभे केलेले सारे कोसळते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जादूगाराचा एक साधा, सुरुवातीलाच शिकता येणारा मंत्र आहे. त्याचे नावच ‘मेज आर्मर’, जादूगाराचे चिलखत. तो काही तास टिकतो, दिसत नाही, त्याला वजन नाही, आणि जादूगार तो स्वतःवरच टाकतो असे नाही. शेजारी उभ्या असलेल्या, अंगावर चिलखत नसलेल्या कुणालाही हात लावून तो टाकता येतो. लोखंडाचे चिलखत एका वेळी एकाच्याच अंगावर राहते. हुन्नराचे चिलखत मात्र दुसऱ्याच्या अंगावर घालता येते, आणि ते शिकवलेसुद्धा जाते.

आपल्या तालुक्यात याचे रूप काय, ते सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. वकील झालेल्याने मोहल्ल्यातल्या बाईला पोटगीचा अर्ज कसा करतात ते समोर बसवून शिकवावे. परिचारिका झालेल्या मुलीने शेजारणीला रक्तदाबाची गोळी मधेच का सोडायची नसते ते सांगावे. संगणक शिकलेल्याने थोरल्या भावाच्या गॅरेजचा हिशेब बसवून द्यावा आणि तो त्याला स्वतःला चालवता येईल असा बसवावा. पाच मिनिटांत स्वतः करून टाकण्यापेक्षा याला वेळ जास्त लागतो, आणि शिकणाऱ्याला कधीकधी आपला रागही येतो. तरी तेच करावे, कारण करून दिलेले आपल्याबरोबर जाते आणि शिकवलेले मागे राहते.

तेव्हा जादूगारासाठी काय निवडावे, असे कुणी पोराने विचारले तर मी त्याला सांगेन: चिलखत घे, पण ज्यात बोटे हलतात तेवढेच घे. हुन्नर असे घे, की जे पुन्हा पुन्हा वापरता येईल, उतरवून घेता येणार नाही, आणि शेजारच्यावर टाकता येईल. आणि मंत्र म्हणण्याआधी पुढे कोण उभे आहे ते एकदा बघ. घरात हेच जरा वेगळ्या तऱ्हेने करावे लागेल. दिवाळीनंतर कोयते निघतात तेव्हा पोरांनाही बैलगाडीत, नाहीतर ट्रकमध्ये घालून नेले जाते आणि शाळेचे सहा महिने बुडतात. म्हणून गावात हंगामी वसतिगृहाची यादी होत असते. त्या यादीत आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाचे नाव घालायला आपण जातो. पुढच्या वेळी तिथे मुलीचे नाव आधी लिहून घ्यावे.